जुनी रुग्णनोंद, नवा संगणक : ‘डिझाईन’चे दार का उघडत नाही?

चिकित्सालयातील संगणक बदलला की पहिल्या आठवड्यात सारे सुरळीत वाटते. जुनी रुग्णनोंदीची फाईल नव्या यंत्रावर उघडते, रुग्णांची नावे दिसतात, मागील चिकित्सेचा तपशीलही सापडतो. मात्र त्या फाईलमध्ये एखादा नवा रकाना घालावयास जावे, तर ‘डिझाईन व्ह्यू’ हा पर्याय फिकट झालेला असतो, मुळीच दिसत नाही, अथवा परवानगी नसल्याचा संदेश पडद्यावर येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०, तसेच ऑफिस २०१६ व २०१९ या आवृत्त्यांना निर्मात्यांकडून मिळणारे साहाय्य थांबले. या बदलाच्या निमित्ताने ज्या वैद्यांनी नवे संगणक घेतले, त्यांच्यासमोर ही अडचण उभी राहण्याचा संभव अधिक आहे. म्हणून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या माहितीसंचय-प्रणालीच्या संदर्भात तिचा क्रमवार विचार येथे करीत आहोत.

रकाना घालण्याची गरज तरी का पडावी? २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला आणि रुग्णाचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक व्यवहारात आला. त्यापूर्वी २०१७ मध्ये आयुर्वेदीय व्याधिनामांचे प्रमाणित संकेतांक देणारे ‘नमस्ते’ पोर्टल सुरू झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाच्या दुसऱ्या विभागाचे नवी दिल्ली येथे प्रकाशन झाले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या रुग्णनोंदीत या गोष्टींना जागा असणे शक्यच नव्हते. ती जागा करावयाची, तर फाईलच्या रचनेत हात घालावा लागतो. आणि नेमके तेच दार बंद असते.

अशा वेळी दोन टोकाचे निर्णय घेतले जातात. जुने सारे सोडून कोऱ्या फाईलवर नव्याने नोंदी सुरू करणे हा एक. आणि भेटेल त्याच्या हाती मूळ फाईल देऊन खटपट करून घेणे हा दुसरा. पहिल्यात वर्षानुवर्षांचा इतिहास मागे पडतो. मारवड, पातोंडा, शिरूड अशा गावांहून अमळनेरला येणाऱ्या जीर्ण व्याधीच्या रुग्णाला दहा वर्षांपूर्वी कोणता कल्प मानवला आणि कोणत्या औषधाने त्रास झाला, ही नोंद पुन्हा कोठून आणावयाची? दुसऱ्यात मूळ फाईलच बिघडण्याची भीती असते. आमचे सांगणे एवढेच की, दार बंद असणे म्हणजे नोंदी नष्ट होणे नव्हे. लक्षण एकच दिसले तरी हेतू निरनिराळे असतात, आणि ते ठरावीक क्रमाने तपासले तर बहुतेकदा हाती लागतात.

दोन अवस्था

ॲक्सेसची पहिली आवृत्ती १९९२ च्या अखेरीस आली. फाईलमध्ये माहिती भरणे आणि फाईलची रचना बदलणे ही या प्रणालीत दोन वेगळी कामे आहेत. रुग्णाचे नाव, वय, लक्षणे भरणे हे पहिले काम. कोणते रकाने असावेत, त्यांत किती अक्षरे मावावीत, पडद्यावर ते कोठे दिसावेत, छापील केसपेपरवर काय उमटावे, हे ठरविणे दुसरे. हे दुसरे काम ‘डिझाईन व्ह्यू’मध्ये चालते. छापलेला केसपेपर भरणे आणि छापखान्यातील खिळ्यांची जुळणी बदलणे यांत जो भेद, तोच येथे समजावा. त्यामुळे माहिती भरता येते, पण रचना बदलता येत नाही, यात विसंगती काही नाही.

विप्रो या उद्योगाचा प्रारंभ १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाला आणि १९८० च्या दशकात तो संगणकनिर्मितीकडे वळला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु गावोगावच्या चिकित्सालयांतील रुग्णनोंदी मोठ्या उद्योगांनी बांधलेल्या नसतात. बहुधा एखादा जाणकार तरुण किंवा संगणकवर्गाचा शिक्षक त्या बांधून देतो. पुढे तो नोकरीनिमित्त पुण्या-नाशिककडे जातो आणि फाईल मागे राहते. तिच्या रचनेचे ज्ञान कोणापाशीच लिहिलेले नसते. आवृत्ती बदलेपर्यंत ही उणीव जाणवत नाही, एवढेच.

प्रथम प्रत, मग परीक्षा

कोणताही उपाय करण्यापूर्वी ॲक्सेस बंद करून मूळ फाईलच्या दोन प्रती काढाव्यात. एक पेन ड्राईव्हवर ठेवून बाजूला करावी आणि दुसरीवर सारे प्रयोग करावेत. मूळ फाईलला हात लावू नये. जुना संगणक भंगारात देण्याची किंवा त्याची हार्ड डिस्क पुसण्याची घाई करू नये. त्यावर कोणत्या फाईल्स शिल्लक असणे मोलाचे ठरते, ते पुढे येईलच. विंडोजमध्ये फाईलच्या नावापुढील शेवटची अक्षरे दिसतील अशी सोय करून घ्यावी. एमडीबी, एसीसीडीबी, एमडीई, एसीसीडीई यांपैकी कोणती अक्षरे आहेत, यावर निम्मे निदान होते.

पहिला प्रश्न : ॲक्सेस पूर्ण आहे काय?

ऑफिसच्या सर्वच संचांत ॲक्सेस येत नाही. घरगुती व विद्यार्थ्यांसाठीच्या ‘होम अँड स्टुडंट’ संचात ते नव्हते. अशा वेळी संगणक बसवून देणारा तंत्रज्ञ ‘ॲक्सेस रनटाईम’ नावाची विनामूल्य प्रणाली घालून देतो. तिच्यात फाईल चालते, नोंदी भरता येतात, छपाईही होते. मात्र रचना बदलण्याची सोय तिच्यात ठेवलेलीच नाही. फाईलमध्ये कसलाही दोष नसताना दार बंद दिसण्याचे हे अगदी साधे कारण आहे. त्याचे लक्षण असे की, ॲक्सेस रिकामे उघडून नवी कोरी फाईल तयार करावयास गेले तर तसा पर्यायच मिळत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे पूर्ण ॲक्सेस घेणे. चिकित्सालयात चार संगणक असतील तर चारही ठिकाणी त्याची गरज नाही. रचना बदलावयाच्या एका संगणकावर पूर्ण ॲक्सेस आणि अन्यत्र रनटाईम, एवढे पुरते. फाईलची अक्षरे ‘एसीसीडीआर’ असतील, तर पूर्ण ॲक्सेसही तिला रनटाईमप्रमाणेच उघडते. प्रतीच्या नावातील ती अक्षरे बदलून ‘एसीसीडीबी’ केली की हा अडसर जातो.

दुसरा प्रश्न : फाईल कोणत्या काळातील?

ॲक्सेस ९७ मध्ये बांधलेली फाईल २०००, २००२ अथवा २००३ या आवृत्तींत उघडताना दोन पर्याय विचारले जात : फाईलचे रूपांतर करावे की ती आहे तशीच उघडावी. आहे तशीच उघडली तर नोंदी पाहता व बदलता येत, पण रचना बदलता येत नसे. २००७ व २०१० मध्येही हेच धोरण कायम राहिले. २०१३ पासून मात्र ९७ च्या फाईल्स उघडणेच बंद झाले. म्हणून अशी फाईल असेल तर २००३, २००७ किंवा २०१० यांपैकी एखादी आवृत्ती असलेला संगणक शोधावा. संगणक न बदललेल्या एखाद्या सहव्यवसायीकडे तो असू शकतो. तेथे प्रतीचे रूपांतर ‘२००२-२००३’ या स्वरूपात करून घ्यावे, नोंदी तपासाव्यात आणि मगच नव्या ॲक्सेसमध्ये तिचे ‘एसीसीडीबी’ करावे. एकदम उडी घेण्यापेक्षा या दोन पायऱ्यांत दोष कोठे आला ते कळते.

रूपांतरानंतर रुग्णांची एकूण संख्या जुन्या फाईलशी जुळते काय, हे पाहावे. पहिल्या, मधल्या व शेवटच्या काही नोंदी डोळ्यांखालून घालाव्यात, तारखांवर विशेष लक्ष ठेवावे.

तिसरा प्रश्न : फाईल केवळ वाचनासाठी उघडली आहे काय?

सीडीवरून किंवा झिप केलेल्या पुडक्यातून थेट उघडलेल्या फाईलमध्ये कोणताही बदल जतन होत नाही. तसेच विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाईल्स’ या कप्प्यात लिहिण्याची मुभा सामान्य वापरकर्त्याला नसते. जुन्या काळी अनेक रुग्णनोंदी तेथेच ठेवल्या जात, कारण विंडोज ९८ मध्ये त्याला आडकाठी नव्हती. फाईल ‘डॉक्युमेंट्स’मध्ये अथवा स्वतंत्र कप्प्यात हलवावी आणि तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड ओन्ली’ची खूण असल्यास काढावी.

याच्या जोडीला सुरक्षेचा प्रश्न येतो. ॲक्सेस २००७ पासून अनोळखी ठिकाणच्या फाईलमधील आज्ञावली आपोआप चालत नाही. वरच्या बाजूस पिवळी पट्टी येते आणि ‘इनेबल कन्टेन्ट’ असे विचारते. ती पट्टी दुर्लक्षिली तर नोंदी दिसतात, पण ‘दुरुस्ती’, ‘नवीन रुग्ण’ अशी बटणे दाबूनही काही घडत नाही. फाईल ई-मेलने आलेली असेल तर २०२२ पासून हा निर्बंध अधिक कडक झाला आहे. तेथे ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ची खूण करावी लागते. रोज पट्टीवर टिचकी मारण्यापेक्षा ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये रुग्णनोंदीचा कप्पा विश्वसनीय स्थान म्हणून नोंदविणे बरे. मात्र संपूर्ण सी ड्राईव्ह किंवा ‘डाऊनलोड्स’ असे व्यापक स्थान कधीही नोंदवू नये.

चौथा प्रश्न : फाईल दुसऱ्या कोणी उघडली आहे काय?

ॲक्सेस ९७ मध्ये एकाने नोंदी भरीत असताना दुसऱ्याने फॉर्मची रचना बदलणे चालत असे. २००० पासून फॉर्म, अहवाल व आज्ञावली यांतील बदल जतन करण्यासाठी फाईल एकट्यापुरती उघडलेली असावी लागते. स्वागतकक्षातील किंवा औषधवितरणाच्या खिडकीतील संगणकावर ती उघडी राहिली असेल, तर आतल्या खोलीत बदल जतन होत नाहीत. सर्वत्र फाईल बंद करावी. ‘ओपन’ बटणाशेजारील बाणावर टिचकी मारून ‘ओपन एक्सक्लुझिव्ह’ निवडावे.

कधी सर्वांनी फाईल बंद केल्यावरही ती उघडी असल्याचे भासते. फाईल उघडी असताना त्याच नावाची ‘एलडीबी’ किंवा ‘एलएसीसीडीबी’ अक्षरांची एक लहान कुलूप-फाईल शेजारी तयार होते आणि बंद केल्यावर ती नाहीशी होते. मध्येच वीज गेली तर ती तशीच राहू शकते. भारनियमनाची वर्षे काढलेल्या खानदेशातील वैद्यांना याचे नवल वाटू नये. कोणत्याही संगणकावर फाईल उघडी नाही याची खात्री झाल्यावरच ही कुलूप-फाईल काढून टाकावी आणि नंतर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावे.

पाचवा प्रश्न : दार मुद्दाम झाकले आहे काय?

बांधणाऱ्याने अनेकदा अशी योजना केलेली असते की, फाईल उघडताच थेट रुग्णनोंदीचा फॉर्म यावा आणि मागील सारे झाकलेले राहावे. अनभिज्ञ हातांपासून रक्षण हाच त्यामागील हेतू असतो. फाईल उघडताना शिफ्ट की दाबून धरली असता ही आरंभीची योजना टळते आणि सर्व वस्तूंची यादी दिसते. एफ-११ ही कळही यादी उघडते. त्यानंतर ‘ऑप्शन्स’मधील ‘करंट डेटाबेस’ या भागात पूर्ण मेनू व डाव्या बाजूची यादी दाखविण्याच्या खुणा कराव्यात, आणि फाईल बंद करून पुन्हा उघडावी.

जुन्या आवृत्तीची सवय असलेल्यांना येथे आणखी एक चकवा होतो. २००७ मध्ये मेनूंच्या जागी फीत आली आणि वस्तूंची खिडकी जाऊन डाव्या बाजूस यादी आली. त्यामुळे ‘डिझाईन’चे बटण नाहीसे झाले असे वाटते, प्रत्यक्षात ते यादीतील नावावर माउसची उजवी कळ दाबल्यावर मिळते. शिफ्टचा मार्गही बंद केलेला असेल, तर नवी कोरी फाईल करून ‘एक्स्टर्नल डेटा’मधून जुन्या फाईलमधील वस्तू आयात करून पाहाव्यात.

सहावा प्रश्न : तक्ता अन्य फाईलमध्ये आहे काय?

सुबुद्धपणे बांधलेल्या रुग्णनोंदीत दोन फाईल्स असतात : एकीत केवळ तक्ते, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, दुसरीत फॉर्म व अहवाल. दुसरीतील तक्त्याच्या नावाशेजारी लहानसा बाण दिसत असेल, तर तो तक्ता जोडलेला आहे असे समजावे. जोडलेल्या तक्त्याची रचना तेथून बदलता येत नाही. त्यासाठी नोंदींची मूळ फाईल उघडावी लागते. जुन्या संगणकावर ती डी ड्राईव्हमध्ये असेल आणि नव्यावर तो ड्राईव्हच नसेल, तर जोडही तुटतो. तो ‘लिंक्ड टेबल मॅनेजर’मधून पुन्हा जुळवावा.

सातवा प्रश्न : परवानगीची फाईल कोठे आहे?

एमडीबी फाईल्समध्ये प्रत्येक वापरकर्त्यास वेगळे अधिकार देण्याची व्यवस्था होती. ती माहिती रुग्णनोंदीच्या फाईलमध्ये पूर्णतः नसून ‘एमडीडब्ल्यू’ अक्षरांच्या वर्कग्रुप फाईलमध्ये असते. नव्या संगणकावर केवळ रुग्णनोंद आणली आणि ही दुसरी फाईल जुन्यावरच राहिली, तर ॲक्सेस आपल्याला परके मानते आणि परवानगी नसल्याचे सांगते. जुना संगणक घाईने निकालात काढू नये असे वर म्हटले, त्याचे हे मुख्य कारण. ती फाईल शोधून आणावी, तिच्यासह व मूळ नाव-संकेतशब्दासह रुग्णनोंद उघडावी आणि मगच रूपांतराचा विचार करावा. कारण एसीसीडीबी स्वरूपात ही अधिकारव्यवस्था नाही.

आठवा प्रश्न : फाईल सीलबंद आहे काय?

‘एमडीई’ किंवा ‘एसीसीडीई’ ही अक्षरे असतील, तर फॉर्म, अहवाल व आज्ञावली यांची रचना पाहण्याची सोय बांधणाऱ्यानेच काढून टाकलेली आहे. येथे कोणतीही युक्ती चालत नाही; बांधणाऱ्याजवळील मूळ एमडीबी अथवा एसीसीडीबी मिळविणे हाच मार्ग. ३२-बिट ॲक्सेसमध्ये सीलबंद केलेली एसीसीडीई ६४-बिट ॲक्सेसमध्ये उघडतही नाही आणि ऑफिस २०१९ पासून सर्वसाधारणपणे ६४-बिट संचच बसविला जातो. अशा वेळी ३२-बिट संच बसवून घेतल्यास निदान रोजचे काम चालू राहते.

तरीही धीर सोडण्याचे कारण नाही. सीलबंद फाईलमध्येही तक्ते व क्वेरी सीलबंद नसतात. संकेतशब्दाचे अथवा अधिकारांचे वेगळे बंधन नसेल, तर सर्व तक्ते नव्या कोऱ्या फाईलमध्ये आयात करता येतात. जुना फॉर्म मिळणार नाही, परंतु प्रत्येक रुग्णाची प्रत्येक नोंद हाती येते. फॉर्म पुन्हा बांधता येतो; नोंदी पुन्हा बांधता येत नाहीत.

दार उघडल्यावर

रचनेत शिरल्यावर रकान्याचा प्रकार विचारपूर्वक ठरवावा. आभा क्रमांक १४ अंकी आहे म्हणून तो ‘नंबर’ प्रकारात घालण्याचा मोह होतो. परंतु त्या प्रकारातील नेहमीच्या ‘लाँग इंटिजर’मध्ये २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आपले दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांकसुद्धा त्यापलीकडे जातात. ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी करावयाची नाही, ते ‘टेक्स्ट’ प्रकारात ठेवावेत. नव्या आवृत्तींत त्यास ‘शॉर्ट टेक्स्ट’ म्हणतात. नमस्ते संकेतांकासाठीही तोच प्रकार योग्य. जुना व्याधिनामाचा रकाना पुसून त्या जागी संकेतांक घालू नये. वैद्याने त्या दिवशी जे लिहिले ते तसेच राहावे आणि संकेतांक शेजारी यावा.

मराठी मजकूर नव्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा गुंताडा दिसत असेल, तरी तोही नष्ट झालेला नसतो. जुन्या काळच्या श्री-लिपी, शिवाजी अशा फाँटमध्ये टंकित केलेला मजकूर तो फाँट नसल्यास तसा दिसतो. फाँट बसविल्यावर तो वाचता येतो. युनिकोडमध्ये त्याचे परिवर्तन मात्र स्वतंत्र प्रतीवर आणि सावकाश करावे.

यापुढील दक्षता

नवी रुग्णनोंद बांधून घेताना मोबदला ठरविण्याबरोबरच चार गोष्टी ताब्यात घ्याव्यात : रचना बदलता येईल अशी मूळ फाईल, सर्व संकेतशब्द, वर्कग्रुप फाईल असल्यास ती, आणि कोणत्या तक्त्यात काय आहे हे सांगणारा एक कागद. बांधणाऱ्यास आपली कलाकृती राखावयाची असेल तर मूळ फाईल लखोट्यात सीलबंद ठेवण्याचा करार करता येतो. पण ती अस्तित्वातच नसणे किंवा दुसऱ्या शहरातील एखाद्या बंद पडलेल्या संगणकात असणे चिकित्सालयाला परवडणारे नाही. वर्षातून एकदा सर्व तक्ते एक्सेल किंवा साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून ठेवावेत. ते वाचण्यास कोणत्याही आवृत्तीची मिनतवारी करावी लागत नाही.

दुरुस्तीसाठी बाहेरच्या तंत्रज्ञास फाईल देताना रुग्णांची नावे व क्रमांक काढलेली प्रत द्यावी. रचनेच्या दुरुस्तीसाठी खऱ्या नोंदींची गरज क्वचितच असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, परंतु रुग्णाने विश्वासाने सांगितलेले गुप्त राखणे हे वैद्याचे कर्तव्य त्याहून कितीतरी जुने आहे.

ज्या सन्मित्रांचा जुना संगणक अद्याप चालू स्थितीत आहे, त्यांनी तो बदलण्यापूर्वीच वरील आठ प्रश्न आपल्या फाईलला विचारून पाहावेत. त्यासाठी एक दुपार पुरेल. उत्तरे कागदावर लिहून ती केसपेपरांच्या कपाटातच ठेवावीत, म्हणजे उद्या त्या खुर्चीवर बसणाऱ्या तरुण वैद्यालाही ती सापडतील.